आजींनी जाळलेले पैसे

लीड्समध्ये आमच्या शेजारी एक चिनी आजी एकट्याच राहतात. नवरा गेल्यापासून दर एप्रिलमध्ये त्या मागच्या अंगणात बिस्किटांच्या जुन्या डब्यात सोनेरी कागदी नोटा जाळायच्या. एका वर्षी माझ्या वाळत घातलेल्या चादरींना धुराचा वास लागला. कुंपणाशी जाऊन दोन शब्द बोलायचे सोडून मी फोन काढला आणि कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या वेबसाइटवर तक्रार टाकली: शेजारी कचरा जाळतात. माझं नाव सांगू नये, या चौकोनात खूणही केली.

आठवड्याभराने बेल वाजली. दारात आजी, हातात कौन्सिलचं पत्र. त्यांना इंग्रजी बोलता येतं, वाचता फारसं येत नाही.

“एवढं वाचून दाखवतेस?”

मी वाचू लागले. ‘कचरा’वर आले तशी जीभ अडखळली.

“कचरा?” आजी म्हणाल्या. “कचरा नाही गं, पैसे आहेत ते. आमचे हे जन्मभर टेकअवेच्या किचनमध्ये उभे राहिले, स्वतःला कधी चांगला कोट घेतला नाही. तिकडे तरी घेऊ देत.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तूही वडिलांसाठी शेडवर जेवण ठेवतेस ना? कावळ्याची वाट बघत उभी असतेस.”

ठेवत होते. पितृपक्षात, वरणभात आणि वडा. कावळे निम्मा भात आजींच्या अंगणात सांडायचे. तो कोण झाडतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

मी त्यांच्या वतीने कौन्सिलला उत्तर लिहिलं, धार्मिक विधी वगैरे सगळं समजावून. संध्याकाळी त्या पिशवीभर संत्री घेऊन आल्या. आणि मी ती घेतली. “थँक यू” म्हणून, हसून घेतली.

तीन दिवस ती कुणाला सोलून देववेनात. शेवटी शेजारी गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, “आजी, तक्रार मीच केली होती.”

“तू?” त्या म्हणाल्या. “मला सांगायचंस ना. वारा बघून जाळलं असतं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

कौन्सिलने पुढे काही केलं नाही, पण आजींनी अंगणात पुन्हा कधी जाळलं नाही. एप्रिल आला की कागद पिशवीत भरून त्या बसने नवऱ्याच्या कबरीपाशी जातात. मी दोनदा विचारलं, गाडीने सोडू का? “नको, बस आहे.” त्या स्टॉपवर उभ्या असतात तेव्हा मी खिडकीतून बघते, आणि त्यांनी मान वळवली की पडद्याआड सरते.