शेवटच्या दिवशीच्या टाळ्या

माझी वहिनी हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते आणि कधी कुणाचं मन मोडत नाही. या दुसऱ्या गुणापायी तिचं वाटोळं व्हायची वेळ आली होती, म्हणून हे लिहितेय.

तिची लेक बालवर्गात आहे. आम्ही तिला ठिणगी म्हणतो. चिडली की चावायची, हाताला येईल ते फेकायची. वर्षभर वहिनी कामावरून सुटली की तिला मुलांच्या उपचार केंद्रात न्यायची. तिथल्या मॅडम भल्या बाई. पोर बिथरली की खाली बसायचं, आवाज उतरवायचा, मोजकंच बोलायचं, हे त्यांनीच शिकवलं. फरकही पडला. केंद्राची पद्धत अशी, की उपचार संपले की सगळे गोल उभे राहून टाळ्या वाजवतात. ठिणगीच्या उपचारांच्या शेवटच्या दिवशी भर उन्हाळ्यात वहिनी लांब बाह्यांचा कुर्ता घालून गेली. आदल्याच संध्याकाळी ठिणगी तिच्या दंडाला कडकडून चावली होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"मॅडमनी एवढं केलं, वन्सं. त्यांना काय वाटलं असतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चावा हिच्या दंडाला आणि काळजी मॅडमच्या मनाची.

पुढच्या महिन्यात शाळा उघडताच ठिणगीनं वर्गातल्या एका मुलाच्या कपाळावर डबा हाणला. शाळेनं सांगितलं, केंद्राचं कुणी येऊन बोललं नाही तर सोमवारी तिची जागा दुसऱ्याला देऊ. जागा गेली की वहिनीची नोकरीही गेली, कारण माझा भाऊ ट्रक घेऊन कायम बाहेर. नातेवाइकांनी सल्ले दिले, "दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ होईल." एक दुपार तिला सांभाळायला मात्र कुणी फिरकलं नाही.

आम्ही केंद्रात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "तुमचे उपचार यशस्वी झालेत. पुन्हा नाव नोंदवा, नंबर लागला की कळवू." मी तावातावानं भांडत होते, तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. वहिनीनं बाही वर करून टाळ्यांच्या आदल्या संध्याकाळच्या चाव्याचा व्रण दाखवला.

"अहो, मला सांगायचं नाही का?"

जन्मात आवाज न चढवलेली वहिनी कडाडली. "कधी सांगायचं? तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात. त्यात दंड कोण दाखवेल? उपचार तुमचे संपले, मॅडम. मला ती रोज सांभाळायचीय."

"मी शाळेत फोन करते."

"फोन नको. तुम्ही या. गोंगाट असतो, तिला भूक लागलेली असते, तेव्हा वर्गात बसा. मला शिकवलंत तसं तिथल्या बाईंना शिकवा."

खिडकीतला माणूस नियम सांगायला लागला. मॅडमनी त्याला हातानंच गप्प केलं. सोमवारी त्या खरोखर आल्या आणि ठिणगीची जागा राहिली. पण मला सांगायचंय ते आम्ही केंद्रात गेलो त्या दुपारचं.

आम्ही निघालो तेव्हा दाराशी एक बाप मुलाला घेऊन बसला होता. मांडीवर मॅडमसाठी फुलं होती. वहिनी थांबली.

"आज शेवटचा दिवस?"

त्यानं हसून मान हलवली.

"मग आत जाऊन खरं काय ते सांगा."

त्याचं हसू मावळलं. त्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"काल यानं आजीला जिन्यावरून ढकललं," तो म्हणाला.