बोटं हुंगणारे डॉक्टर

धुळ्याचे आमचे डॉक्टर नाडी नंतर बघायचे, आधी रोग्याची बोटं हुंगायचे. बिडीचा वास आला की हात खाटेवर टाकून द्यायचे आणि शिव्या सुरू. "घरी जा आणि कुऱ्हाडीनं पाय तोडून घे. माझा तरी वेळ वाचेल." माघारी त्यांना 'हुंग्या डॉक्टर' म्हणायचे लोक. मी तर सगळ्यात जास्त.

साठ सालानंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ पिंपळनेरला शिंपीकाम करायचा. दिवसभर पायमशिनवर आणि तोंडात बिडी. पस्तिशीतच त्याच्या डाव्या पायाचा अंगठा आधी गार पडला, मग काळा. डॉक्टरांनी त्याला झाप झाप झापलं. "कोटाला अस्तर लावतोस ना? रक्तवाहिनीलाही आतून अस्तर असतं. पातळ, गुळगुळीत. ते धड असेल तोवर रक्त वाहतं. तू ते धुरानं सुजवलंस. आता तिथं गुठळ्या धरल्यात, वाट बंद. पायानं जगायचं कशावर?" मग म्हणाले, "अंगठा जाईल. आजपासून बिडी सुटली तर पाऊल वाचेल. एक झुरकासुद्धा नाही."

भाऊला धुळ्याच्या दवाखान्यातच ठेवलं, सोबतीला मी. त्यानं बिडी सोडली. पण ते दुखणं वैऱ्यालाही नको. पाय खाटेखाली सोडून तो नुसता कण्हत बसायचा. आठव्या दिवशी दुपारी म्हणाला, "एक झुरका दे रे, मना पाय जळी राहिना."

पायाची ती आग मला बघवेना. बिडी मी पेटवली, मीच धरली आणि त्याच्या ओठाला लावली. त्याच्या बोटांना वास लागायला नको म्हणून. वर बडीशेप चारली. केवढा शहाणा मी. पुढं रोज दुपारी हेच चाललं. आजही आठवलं की माझा मलाच संताप येतो.

डॉक्टर रोज भाऊची बोटं हुंगायचे आणि खूश व्हायचे. "असा रोगी पाहिजे," म्हणून वॉर्डभर सांगायचे. काळेपणा मात्र घोट्याकडे सरकत होता. एका सकाळी त्यांनी पट्टी सोडली, पाऊल बघितलं, भाऊचा हात हुंगला. मग वळून माझा हात धरला आणि नाकाशी नेला.

मी शिवीची वाट बघत उभा राहिलो. ती आलीच नाही. मला व्हरांड्यात नेऊन ते म्हणाले, "गुडघ्याखाली कापावा लागेल. कापीन मी. त्याला सांगायचं तू."

मी सांगितलं. भाऊ म्हणाला, "आते मशिनवर कोन बसी?"

मी बसलो. डॉक्टर आमच्या साक्री भागात आले की कोट शिवायला मुद्दाम माझ्याकडे यायचे. माप देण्याआधी, चार गिऱ्हाइकांसमोर, माझी बोटं हुंगायचे. मी स्वतः कधी बिडी ओढली नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. असा राग यायचा मला, पण हात मागं घ्यायची हिंमत झाली नाही.

ते वारले. आता दुकान उघडलं की मीच माझी बोटं हुंगतो, आणि त्यांनी त्या दिवशी न दिलेली शिवी स्वतःला देतो.