ओलं फडकं

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. गल्लीतले दगड ओले, दारं ओली, दोरीवरचे टॉवेल काल होते त्याहून ओले. अशा हवेत पीठ सावकाश फुगतं, आणि सावकाश म्हटलं की भट्टीवाल्या मावशींचा जीव खूश. पण आज फुगवायचं काही नव्हतंच. आज सगळं काम उलटं होतं.

मावशींच्या पावाचं नाव झालं ते त्यांच्या सबुरीमुळे. रात्री पीठ भिजवायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि सकाळपर्यंत ढुंकूनही बघायचं नाही. कुणी गिऱ्हाईक दारात चुळबुळ करायला लागलं की म्हणायच्या, "पीठ काय तुमच्या घरचा गडी आहे, हाक मारली की यायला? मुरू दे त्याला." हे 'मुरू दे' पुढे पुढे पिठापुरतं राहिलं नाही. छप्पर गळतंय म्हणा, भट्टीची वीट निखळलीय म्हणा, उत्तर तेच. नवरा गेल्यापासून तर जास्तच.

वल्हांडण आला की मात्र मावशींची पंचाईत व्हायची. हा ज्यूंचा सुटकेचा सण. पूर्वज मिसर देशात गुलाम होते. निघायची घडी आली तेव्हा भिजवलेलं पीठ फुगेपर्यंत थांबायलाही सवड नव्हती. तसंच उचललं आणि चालू लागले. म्हणून सणात घरात खमीर ठेवायचं नाही, आंबवलेलं काही खायचं नाही; खायची ती चपटी, बेखमीर भाकर. खमिराचं मडकं मावशींनी शेजारच्या शिंपिणीच्या रीतसर स्वाधीन केलं होतं, पोर सासरी धाडावी तशा तोंडानं. दुकान कानाकोपऱ्यापर्यंत घासून झालं होतं. आता सणाला दोन दिवस राहिले होते आणि भट्टी लाल होत होती.

कामाला तिघं. धाकटे दीर घड्याळ घेऊन स्टुलावर. पाण्याचा थेंब पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत, पीठ आंबायला लागायच्या आधी, भाकर भाजून बाहेर यायला हवी, हे बघणं त्यांचं काम. मुलगी लाटायला. ती गावातल्याच दवाखान्यात नर्स होती, आज सुट्टी घेऊन घरी थांबली होती. मळायला अर्थात मावशी.

मुलीला दूरच्या बंदराच्या गावातल्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं. तीनदा तिनं आईला विचारलं होतं, तीनदा आई म्हणाली होती, "बघू, मुरू दे." आज दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आईनं तोंडानं जा म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. तेच तर वाईट होतं.

"घातलं पाणी!" मावशी म्हणाल्या.

"धरली वेळ," दीर म्हणाले. "हात चालवा वहिनी."

मावशींनी पीठ मळलं. गोळा छान झाला, गुळगुळीत, कानाच्या पाळीसारखा मऊ. तेवढ्यात मुलगी लाटणं पुसता पुसता म्हणाली, "आई, दुपारी फोन करायचाय मला."

"हं," मावशी म्हणाल्या. हात धुवायला वळल्या, धुतले, पुसले, खिडकीशी उभ्या राहून धुक्याकडे बघू लागल्या. या पोरीची खोली रिकामी झाली की पहाटे भट्टी पेटवताना वरून खोकल्याचाही आवाज येणार नाही, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

"वहिनी, गोळा कुठाय?"

मावशी वळल्या. परातीवर ओलं फडकं. कोपरे नीट खाली दुमडलेले.

"अगं आई!" मुलगी म्हणाली. "बेखमीर भाकरीला पांघरूण?"

मावशी स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. कधी टाकलं, कळलंही नव्हतं.

दिरांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली. "हा गोळा गेला. बाहेर टाका." मग त्यांना हसू आवरेना. "मिसरातून निघताना तुम्ही पुढे असता ना वहिनी, तर आपण अजून तिथंच विटा पाडत बसलो असतो! सगळ्यांना बाहेर काढायला आलेला मोशे दारात उभा, आणि तुम्ही आतून सांगताय, जरा मुरू दे."

मुलगी हसली. हसता हसता थांबली आणि खाली बघून ओटा पुसायला लागली, जिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

मावशींनी गोळा उचलला आणि मागच्या दारानं बाहेर नेला. हातात तो गरम लागत होता. दर सणाला जेवणाच्या मेजावर दीर सांगायचे की मिसरातून आपण स्वतःच निघालो असं प्रत्येकानं मानायचं. मावशी मान डोलवायच्या आणि मनात रस्सा उतू जातोय का ते बघायच्या. आज पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात आलं, की त्या एवढ्या गर्दीत एखादी तरी चांगली पाववाली असणारच. भाकर चपटी होणार हे तिला पुरतं कळत होतं. हाताला लाज आणणारं काम होतं ते. तरी तिनं पीठ उचललं आणि निघाली. मिसरच्या राजानं, फारोनं सोडलं, पण तिला तिच्या परातीपासून कुणी सोडवायचं? ते तिचं तिलाच करावं लागलं असेल.

त्या आत आल्या. नवीन पीठ घेतलं.

"घातलं पाणी."

"धरली वेळ."

या वेळी हात थांबले नाहीत. मुलीनं लाटलं, दातेरी चाकानं भोकं पाडली, मावशींनी भट्टीत सारलं. भाकर निघाली ती वेडीवाकडी, एका कडेला करपलेली. पाव असा निघाला असता तर मावशींनी तो दुकानात मांडला नसता.

"आता कर फोन," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"येते म्हणून सांग. दुसरं काय सांगतात?"

मुलगी लाटणं हातात धरून तशीच उभी. "तू एकटी, आई..."

"एकटी कशी? हे घड्याळवाले आहेत की डोक्यावर बसलेले. आणि माझ्या मनाची तयारी होईपर्यंत थांबलीस तर तुझे केस पिकतील, माझी तयारी व्हायची नाही. जा. आधी हात धू, फोनला पीठ लागेल."

ती गेली. वरच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. दीर नाक शिंकरत म्हणाले, "धुकं घशात गेलं वाटतं."

"जाणारच," मावशी म्हणाल्या. ओट्यावरचं ओलं फडकं त्यांनी पिळलं, गुडघ्यावर बसल्या आणि जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायला लागल्या. "पाय वर घ्या भाऊजी. अजून तीन घाणे काढायचेत."