सात नंबरचा डबा

जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी रोज एकच संवाद व्हायचा. ओट्यापाशी उभ्या असलेल्या अनसूयाबाई हात मागे करून म्हणायच्या, "तीन नंबर द्या," आणि खुशालराव फळीवरून साखरेचा डबा काढून द्यायचे. एक म्हणजे चहापत्ती, दोन म्हणजे मीठ, तीन साखर. डब्यांवर नाव म्हणून नाही, नुसते आकडे. एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती.

"कॉलेजानं तुमाले सोडलं, पण तुमी काई कॉलेजाले सोडत नाई," अनसूयाबाई म्हणाल्या. "एखादी सून आली असती या घरात, तर पयल्याच दिवशी चहात मीठ घालून मोकळी झाली असती."

चहाला उकळी फुटत होती, तेवढ्यात दार वाजलं.

दारात मागच्या गल्लीतल्या शकुनबाई उभ्या होत्या. चौकात भाजी आणि लिंबं विकणारी ही बाई एरवी सूर्य उगवायच्या आत बाजारात पोचलेली असायची. आज केस विंचरलेले नव्हते. पदराखाली प्लास्टिकचा पांढरा डबा होता.

"भाऊ, यात काय हाय ते सांगा," त्या उंबऱ्यावरच बसल्या. "तुमी ॲसिडातले मानूस. लोक म्हंतात, माह्या सुनेनं सासऱ्याले जहर देल्लं."

गोपाल, म्हणजे शकुनबाईंचा नवरा, चार दिवसांपासून दवाखान्यात होता हे गल्लीला माहीत होतं. बाजारातून उन्हाचा आला, सुनेनं, गीतांजलीनं, सरबत दिलं, आणि संध्याकाळपर्यंत उलट्यांनी अर्धा झाला. मग लघवीच बंद झाली. दोनदा डायलिसिस झालं. आदल्याच दिवशी तिच्या पुढे शिकण्यावरून सासरा आणि सून यांच्यात वाजलं होतं, तेही गल्लीनं ऐकलेलं. मग काय, लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! शकुनबाईंनी सुनेला तिच्या माहेरी, तेल्हाऱ्याला, धाडून दिलं होतं.

"सरबतात काय टाकलं होतं?"

"लिंबूसत. लिंबं इकाले असतात भाऊ, प्याले थोडीच! आमच्या घरी सरबत लिंबूसताचंच. ती म्हंते, याच डब्यातलं दोन चमचे टाकलं. थोडं दवाखान्यानं तपासाले पाठवलं, पन निकालाले महिना लागन म्हंतात. तवर मी काय करू? यात लिंबूसतच निघालं, त मंग तिनंच गिलासात काई दुसरं टाकलं. तसं असन, त पोट्टीले मी या जन्मी घरात घेनार नाई."

खुशालरावांनी डबा हातात घेतला. त्यावर पिवळी पडलेली पट्टी होती आणि पट्टीवर निळ्या शाईत इंग्रजी सात. मधून आडवी रेघ मारलेला तो सात त्यांच्याच हातचा होता.

"दोन डबे देल्ले होते ना तुमी," शकुनबाई सांगत होत्या. "एक रिकामा अन् एक पितळीचे डाग काढाच्या पावडरीचा. पन ते पावडर त कवाच संपलं."

खुशालरावांना ती पावडर आठवली. डाग काढायची पावडर म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड. निवृत्त होताना त्यांनी बाजारातून किलोभर आणून चार घरी वाटलं होतं, दिवाळीच्या भांड्यांसाठी. दिसायला थेट लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड; तसेच पांढरे खडे. पोटात गेलं की किडनी धरतं. दोन्ही डब्यांवर नुसते आकडे होते, आणि सातमध्ये काय होतं ते चार वर्षांनी त्यांनाही आठवेना; संपलेला डबा कोणता आणि उरलेला कोणता, हे आता कोण सांगणार? डब्यात लिंबूसत असेल तर गीतांजली दोषी. ऑक्झॅलिक असेल तर पोरीचा काही गुन्हा नाही, गुन्हा आपला.

"अंदाजानं सांगत नसतो मी," ते एवढंच म्हणाले. "मोजून सांगतो."

चहा तसाच राहिला; डबा आणि शकुनबाईंना घेऊन ते थेट कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख जुईली मॅडम एकेकाळी त्यांच्याच समोर ब्युरेट, म्हणजे तोटीची मोजनळी, धरायला शिकल्या होत्या. परीक्षेत अनोळखी ॲसिड ओळखायचं असायचं. आदल्या संध्याकाळी खुशालराव बाटल्या भरत आणि वर नुसते आकडे टाकत. कोणत्या आकड्यात काय, ते परीक्षा घेणारे सर आणि हे, दोघांनाच ठाऊक. पोरं गयावया करत, "काका, पहिलं अक्षर तरी सांगा!" हे म्हणत, "अबे, बायकोले पगार सांगत नाई मी, तुले ॲसिड सांगू?" एकतीस वर्षांत एक नाव फुटलं नाही. त्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मॅडमनी सगळं ऐकलं आणि आधीच बजावलं, "काका, हा कोर्टातला पुरावा नाही हं. पण डॉक्टरांना कळवता येईल." त्यांनी पावडर तोलली, पाण्यात विरघळवली, रंगाचे दोन थेंब टाकले आणि वरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडायला सुरुवात केली. पंचवीस मिलीच्या जरा पुढे पाणी गुलाबी झालं. मॅडमनी कागदावर गणित केलं.

"याचं तुल्य वजन साडेत्रेसष्ट येतंय. लिंबूसताचं चौसष्ट. जुळतंय की काका. लिंबूसतच असणार."

बाहेरच्या बाकावर शकुनबाई बसल्या होत्या. दार उघडंच होतं. एवढं एक वाक्य त्यांना सांगितलं असतं, तर खुशालराव घरी जाऊन गार झालेला चहा प्यायला मोकळे होते. कोणी विचारलंही नसतं. मॅडमनी स्वतः मोजलेलं, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं.

खुशालरावांनी टेबलाची कड धरली.

"मॅडम, ऑक्झॅलिकचं त्रेसष्ट येते," ते म्हणाले. "गुलाबी रंगावर हे दोघं जुळे भाऊ. दमट पावडरीत अर्ध्याचा फरक धरता येत नाई. मीटर लावा."

 मॅडमनी कपाटातून आम्लता मोजणारं पीएच मीटर काढलं. खुशालरावांनी त्याची काचेची नळी स्वतः धुतली, टिपली आणि नव्यानं तोललेल्या पावडरीच्या पाण्यात सोडली. आकडा थरथरत दीडवर थांबला. लिंबूसताचा सव्वादोनच्या आसपास असायला हवा होता. त्यांनी आकडा नुसता लिहून घेतला. एका आकड्यावर कोणाचं आयुष्य ठरवू नये.

मग ब्युरेटची तोटी सैल केली. एक मिली सोडायचं, ढवळायचं, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, लिहायचं. पुन्हा एक मिली. खरी कसोटी अर्ध्या वाटेवर होती. साडेबारा मिलीला लिंबूसत पावणेपाचला पोचलेलं असतं. ऑक्झॅलिक मात्र तिथे पहिली पायरी चढत असतं, तीनच्या आतबाहेर. अकरा, बारा.  पावणेपाच यावेत असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या क्षणी स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी डोळे मिटून घेतले. पावणेपाच म्हणजे तेल्हाऱ्यात बसलेल्या त्या पोरीच्या कपाळावर कायमचा डाग.

"दोन पॉइंट नऊ पाच," मॅडम हळूच म्हणाल्या.

ते शेवटपर्यंत मोजत गेले. पंचवीसच्या पुढे आकडा उडी मारून वर गेला, तेव्हाच त्यांनी तोटी बंद केली. मॅडम डॉक्टरांना फोन लावायला आत गेल्या. खुशालरावांनी ब्युरेट धुतलं, उलटं करून टांगलं आणि मग बाहेर आले.

"शकुनबाई, गीतांजलीनं काई केलं नाई. डब्यात लिंबूसत नोहोतं. पितळीची पावडर होती, म्या देल्लेली."

शकुनबाईंना समजायला वेळ लागला. "म्हंजे रिकामा डबा तो दुसरा होता? लिंबूसत म्या त्याच्यात भरलं होतं?"

"हो. ते संपलं असन. हे उरलं."

"मंग तिले कसं कळावं?" त्या एकदम ओरडल्या. "वर सात लिहून ठेवलं! सात म्हंजे काय? जहर म्हून लिहाले काय झालं होतं तुमाले, भाऊ? एवढं शिकले-सवरलेल्यात राहिले तुमी!"

खुशालरावांच्या हातून लिहायचं राहिलं असं नव्हतं. नाव लिहायचं नसतं, हेच हाताला लागलेलं होतं. पण ते या बाईला काय म्हणून सांगायचं?  ती रडून थकली. मग पदरानं तोंड पुसून, अर्धं स्वतःशीच म्हणाली, "पोट्टी पाया पडून सांगत होती. म्या तिची थैली रस्त्यावर ठेवली. आता कोन्या तोंडानं आणू तिले?"

"गोपालचं जे होईन ते माह्यावर," खुशालराव म्हणाले. "पोलिसाले, डॉक्टरले, जो इचारन त्याले मी सांगन. तुमच्याजवळ माफी मागाले तोंड नाई मले. एकच म्हननं हाय."

"काय?"

"तेल्हाऱ्याले सुनेले आणाले जान, तवा मले संगं न्या. तिच्या बापासमोर मले सांगू द्या."