बाबांचा रिपोर्ट

संध्याकाळचा चहा संपला की बाबा कप पालथा घालत आणि म्हणत, "रिपोर्ट!" मग आईनं आणि मी ताठ उभं राहून सांगायचं, "सब ठीक, साहेब!" फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते दिग्रसला घरी आले, तेव्हा मी नववीत होते. पहिल्या आठवड्यात मला या कवायतीची मोठी गंमत वाटली.

मग गंमत सरली. बाबांच्या पाठीमागून जाताना आधी नाव सांगावं लागे. ताट जरा आपटलं की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे आणि मग दिवसभर घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. कुकरची शिट्टी होण्याआधीच आई गॅस बंद करी. वर्षभर आम्ही अर्धी कच्ची डाळ खाल्ली. मैत्रिणींना घरी बोलावणं मी सोडून दिलं. शेजारचे काका कौतुकानं म्हणत, "फौजी मानूस हाय, कडक राहीनच!" आणि आईनं डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणत, "मले काय धाड भरली?"

मी दहावीत असताना बाबा आणि मी वावरात तुरीच्या शेंगा तोडत होतो. पलीकडे कुणीतरी रानडुकरं हाकलायला सुतळी बॉम्ब फोडला. बाबांनी मला खाली पाडून अंगाखाली दाबून धरलं. "हिलना मत!" मी रडत होते, "बाबा, मी हाय, सुषमा!" त्यांना ऐकूच येत नव्हतं. उठलो तेव्हा माझं मनगट सुजलं होतं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "आईले सांग, धुऱ्यावरून पडली." बांधावरून पडले, असंच मी सांगितलं.

संध्याकाळी कप पालथा पडला. "रिपोर्ट!"

"सब ठीक, साहेब," आई म्हणाली.

मी सुजलेलं मनगट पुढं केलं. म्हणाले, "ठीक नाही, साहेब. हात दुखून राह्यला. अन् मले तुमचं भेव लागते."

आई थिजली. आता कप भिरकावतात, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाबा माझ्या मनगटाकडे बघत होते. मग म्हणाले, "मलेबी लागते, बेटा. माह्यंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. आधी हाडांचा डॉक्टर, मग मनाचा. तिथल्या नाव नोंदवायच्या खिडकीपाशी बाबांचा आवाजच निघेना. त्यांचं नाव मी सांगितलं.

औषधं अजून चालू आहेत. सगळं बरं झालं असं नाही, पण डाळ शिजते. मी आता नर्सिंगला हॉस्टेलवर असते, आणि संध्याकाळच्या फोनवर रिपोर्ट मी मागते. काल ते म्हणाले, "आज ठीक नाही, बेटा." माझा जीव हलला, आणि निवांतही झाला.

"सांगा बाबा," मी म्हटलं, "ऐकून राह्यली मी."