बेडकांसाठी आणलेली हिरवळ

ताईची सुरगाण्याच्या दवाखान्यात बदली झाली आणि तिथे खोली मिळेपर्यंत तिचे दोन बेडूक माझ्याकडे राहिले. अंगठ्याच्या पेराएवढे, जन्मभर पाण्यातच राहणारे, पण श्वास घ्यायला थोड्या थोड्या वेळाने वर येणारे. काचेची पेटी, पाणी आणि लपायला एक फुटकं मडकं. बाकी तळ उघडा. मी येईपर्यंत यात काही बदलू नकोस, एवढंच तिने बजावलं होतं.

मी बदललं. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी मोर्चे-आंदोलनांची पत्रकं आली. पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असायचे आणि त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. अन्याय दिसला की मला गप्प बसवत नाही, आणि उघड्या काचेवर घसरणारे ते चार-चार पाय मला अन्याय वाटले. कैदेत ठेवलंय तर निदान पायाखाली जमीन द्या.

दुकानात रंगवलेली खडी होती. दुकानदारानेच हात धरला. हे प्राणी खाण्याबरोबर खडेही गिळतात, ते पोटात अडकतात, म्हणाला. एकतर अगदी बारीक वाळू घ्या, नाहीतर बेडकाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे. वाळू मी घेणार नव्हते. नदीचं पात्र कसं ओरबाडतात ते मी पाहिलंय. मग गोटे घेतले, उकळले आणि पाय अडकेल अशी फट राहू नये म्हणून एकेक हाताने बसवला.

वनस्पतींबाबत मात्र मी त्याचं ऐकलं नाही. कुठूनही आणलेली वनस्पती आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, मगच पेटीत सोडा, असं तो म्हणाला होता. माझ्या मामाच्या द्राक्षमळ्यातल्या शेततळ्यात, दुकानात होती तसलीच, लांब देठांची हिरवळ माजलेली होती. ती आपल्या मळ्यातली. तिला कसली बादली? नळाखाली धुतली आणि संध्याकाळीच पेटीत लावली. बेडूक तिच्यात शिरले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला.

सकाळी दोघेही गोट्यांवर पडून होते. मोठ्याचे मागचे पाय ताठ झाले होते आणि मधूनच थरथरत होते. मी काचेवर टिचकी मारली. एरवी झटकन पळणारा तो हललाही नाही. आधी वाटलं, गोटा लागला असेल. मग हिरवळीकडे लक्ष गेलं.

मामाला फोन केला. तळ्यात काही पडलं होतं का, एवढंच विचारलं.

"पडायचं काय त्यात? फवारणीचा पंप धुतो आम्ही तिथं. छाटणी झाल्यापासून रोजच हाय. का गं, माशे पाळले का काय?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. द्राक्षांवरच्या विषारी फवारणीबद्दलचं पत्रक मीच लिहिलं होतं. चार गावांच्या बाजारात उभी राहून वाटलंही होतं. मामाच्या गावात मात्र वाटलं नव्हतं. तिथे गरज नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं.

हिरवळ उपटून काढली. बादलीत, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून कालपासून ठेवलेलं पाणी होतं, त्यात दोघांना ओंजळीने सोडलं. ताईला फोन करायला हवा होता. तो मला करवेना. तासभर मी बादलीपाशी बसून तिला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यात दोष दुसऱ्याचा निघत होता. शेवटी लावला आणि जे झालं ते सांगितलं.

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "रडू नकोस. श्वासाला वर येतात का ते बघ. मी फोन धरून आहे."

मी पाण्याकडे बघत राहिले. तिच्या बाजूने कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने लहान बेडूक तिरका वर आला, नाक बाहेर काढलं आणि पुन्हा बुडाला.

"लहान आला."

"आणि मोठा?"

मोठा तळाशी तसाच होता. पायांची थरथर थांबली होती. मी बोटाने हलवला तर पाण्याबरोबर वळला आणि पोट वर करून राहिला.

"गेला, ताई."

ती म्हणाली, "लहान्याचं पाणी दुपारी बदल, परत संध्याकाळी. अजून दोन दिवस तरी भरवसा नाही त्याचा." एवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

मी दुसरी बादली भरून उन्हात ठेवली आणि परत येऊन बसले. लहान्याचा एक मागचा पाय किंचित ताठ दिसत होता. की मलाच तसं दिसत होतं? तो पुन्हा कधी वर येतो ते मी मोजू लागले. मधे पाणी प्यायला उठायचीही मला भीती वाटत होती.