चौसाळ्याच्या सप्ताहात तीन बेताल गळे

आण्णांनी फोनवर ‘सप्ताहात गायला या’ म्हटलं आणि मी धसकलेच. आण्णा म्हणजे माझे वडील, चौसाळ्याच्या भजनी मंडळात हयातभर पखवाज वाजवत आलेत. मी पुण्यात गाते ते युरोपातलं, सहाशे वर्षांपूर्वीचं: तीन गळे, प्रत्येकाची लय वेगळी, मधे सगळे एकमेकांपासून सुटतात आणि शेवटी एकत्र येतात. रेकॉर्डिंग ऐकून आण्णा म्हणाले होते, “एकाचा मेळ दुसऱ्याला न्हाई. ह्याला गाणं कावून म्हणायचं?” आता तेच गाणं त्यांच्यासमोर, अख्ख्या गावासमोर गायचं होतं.

मी आणि माझ्यासोबत गाणारे सानिका नि जोएल पहाटेच निघालो. तुम्हाला जायचं तर नगर-जामखेडमार्गे जा, पण घाटात ट्रकच्या मागे निमूट राहा. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शेवभाजी-भाकरी दीडशेत पोटभर मिळते. मी ताटाच्या कडेवर बोटानं मात्रा मोजत बसले. जोएलनं मात्र दोनदा भाजी मागवली.

दुपारी देवळात एका आजोबांनी विचारलं, “देवाचंच हाय न्हवं?”

“देवाचंच. त्यांच्याकडच्या,” मी म्हणाले.

“मग म्हणा की!”

सुरुवात बरी झाली. मग तिघांच्या लयी एकमेकींपासून सुटल्या आणि टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावची रीत आहे: गाणारा घसरला की काही न बोलता ठेका धरून त्याला सावरायचं. त्यांना वाटलं, आम्ही घसरलो. टाळ सुरू झाले. किती प्रेमानं, आणि किती भयंकर! जोएल डळमळला, माझी मात्रा निसटायला लागली. आता पखवाजावर एक थाप पडली असती तर सगळं संपलं असतं. आण्णांचा हात उचललेला दिसला. मी डोळे मिटून घेतले.

“थांबा रे,” आण्णांचा आवाज आला. “चुकले न्हाईत ते.”

टाळ थांबले. आम्ही तिघं शेवटच्या सुरावर एकत्र पोचलो.

घरी जेवताना धीर करून विचारलं, “आण्णा, आवडलं का?”

“न्हाई,” म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

पुण्याला परतताना मी रुसले होते, खोटं कशाला सांगू. सानिका समजूत घालत राहिली. चौसाळ्याला जायचं तर सप्ताहातच जा, पंगतीत आग्रहानं वाढतात, असं मी इथे लिहिणार होते आणि थांबणार होते. पण काल आण्णांचा फोन आला.

“फुडच्या सप्ताहाला तिघं या. टाळकऱ्यांना आधीच सांगून ठेवतो.”

“पण तुम्हाला तर आवडलं नाही!”

“अजून न्हाई आवडलं. म्हणून तर परत ऐकायचंय.”